शुभांगी, मरळ शिजवली नाही

शुभांगी,

तुझ्या शोकसभेत मी भांडलो. पनवेलमध्ये एक हॉल घेतला होता. कुणाच्या तरी लग्नातला तुझा हसरा फोटो टेबलावर ठेवला होता, आणि माणसं एकामागून एक उठून तू किती मृदू स्वभावाची होतीस ते सांगत होती. मी मागच्या रांगेत गप्प बसून ऐकत होतो. तू आणि मृदू. समोरचा एका वाक्यात दोनदा 'बहुतेक' म्हणाला, की त्याला तिथल्या तिथे थांबवायचीस तू. पण म्हटलं, जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात.

मग निखिल उठला. आमच्या गावातला वकील, तळ्यासाठी जिवाचं रान करणारा, तुला 'मॅडम' म्हणणारा. डोळे पुसत म्हणाला, "या तळ्याच्या विषानेच आपल्या मॅडमचा बळी घेतला."

मी उभा राहिलो. म्हणालो, "नाही. तिचं हृदय बंद पडलं. त्या तळ्यातला मासा तिने कधी जिभेलाही लावला नव्हता. ती शाकाहारी होती."

निखिलचा चेहरा उतरला, दोन बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तुझा भाऊ तेवढा खाली मान घालून हसला.

मला त्याचं काही वाटत नाही. तू गेलीस म्हणून ज्याला त्याला तुला आपल्या सोयीची करून घ्यायची मोकळीक मिळाली, असं मी होऊ देणार नाही. जिवंतपणी तू कुणाच्या सोयीची नव्हतीस. माझ्या तर कधीच नव्हतीस.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलीस तेव्हा काउंटरवर रॉड, रिळं आणि मरळ माशाला भुलवायला गळाला लावतात ते प्लास्टिकचे बेडूक पसरले होते. शाळेत आपण बरोबर होतो, त्यानंतर एकमेकांना पाहिलंही नव्हतं. तू बेडूक हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिलास आणि म्हणालीस, "जगदीश, मला मासे नकोत. मासे पकडणारे हवेत."

मला वाटलं, तुझं काहीतरी बिनसलंय. मग तू सांगितलंस. परदेशी जाणारी कोळंबी आणि मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तू नोकरी केलीस, आता निवृत्त होऊन तळोज्याच्या अंगाला नव्या सोसायटीत राहायला आलीस, आणि खिडकीतून आमचं तळं दिसतं. रविवारी काठावर रॉड घेऊन बसलेली माणसं दिसतात. "दुसऱ्या देशातली माणसं जे खाणार, त्यात पारा किती, शिसं किती, हे मी जन्मभर मोजलं," तू म्हणालीस. "ही समोरची माणसं जे घरी नेतात त्यात किती आहे, ते कुणी मोजलंय का?"

कुणीच मोजलं नव्हतं. आम्ही लहानपणापासून त्या तळ्यात गळ टाकून गरवतोय. माझे आजोबा बांबूच्या काठीने गरवायचे, मी कार्बनच्या रॉडने गरवतो, एवढाच काय तो फरक. पलीकडे कारखाने आले, मग इमारती आल्या, पावसाळ्यानंतर नाल्याच्या तोंडाशी पाण्याला कधी कधी वेगळा वास येऊ लागला. तरी मरळ लागली की माणूस वास विसरतो. आणि आमच्याकडे मरळ म्हणजे नुसती जेवणातली चैन नव्हे. आजारातून उठलेल्याला मरळ, बाळंतिणीला मरळ, पोटुशीला मरळ. अंगात ताकद येते म्हणतात.

पुढच्या रविवारी तू बर्फाची पेटी घेऊन काठावर आलीस. पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर कसलीशी जाहिरात असलेली टोपी. जो मासा काढेल त्याच्यापाशी जायचं, मासा पट्टीवर ठेवायचा, लांबी घ्यायची, वजन घ्यायचं आणि पाठीचा एक तुकडा मागायचा. बहुतेक जण हसले, काहींनी दिला. प्रत्येक माशानंतर तू सुरी धुवायचीस. बाटलीतल्या पाण्याने, तळ्याच्या नाही. मी म्हणालो, "एवढं काय, सगळे एकाच पाण्यातले मासे." तू म्हणालीस, "याचं त्याला लागलं, तर मी खोटं बोलले असं होईल." सुरी धुणं आणि खोटं बोलणं यांचा संबंध लावणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग तू मला गाडी काढायला लावून पार डोंगराजवळच्या दुसऱ्या तळ्यावर नेलंस. मी कटकट केली. तिथे ना कारखाना, ना इमारती, तिथले मासे कशाला? "म्हणूनच," तू म्हणालीस. "नाहीतर आपलं जास्त आहे की कमी, ते कशावरून सांगायचं?"

परतताना पळस्पे फाट्यावर आपण चहाला थांबलो. तिथे तू मला बाकावर शेंगदाणे मांडून समजावलंस, ते मी अजून गिऱ्हाइकांना तसंच सांगतो. लहान माशात थोडंसं असतं. ते लहान मासे मरळ खाते. एक नाही, वर्षानुवर्षं रोज खाते. पारा तिच्या अंगातून सहजी निघून जात नाही, मांसात साठत राहतो. म्हणून मरळ जेवढी जुनी आणि मोठी, तेवढा तिच्यात जास्त. वरून काही दिसत नाही, चवीत कळत नाही, आणि शिजवून, तळून, आमसूल घालून जात नाही. मी विचारलं, "म्हणजे माझी बक्षिसाची मरळ सगळ्यात वाईट?" तू म्हणालीस, "तुझी बक्षिसाची मरळ सगळ्यात वाईट." आणि शेंगदाणे खाऊन टाकलेस.

निकाल आले तेव्हा मी आनंदलो होतो. लपवत कशाला बसू. आमच्या तळ्यातल्या मोठ्या मरळींमध्ये पारा मर्यादेच्या वर होता, डोंगराजवळच्या तळ्यातल्या तेवढ्याच मरळींमध्ये नव्हता. मला आणि निखिलला वाटलं, सापडलं. आता गावाच्या सभेत तू एक वाक्य बोलायचं, हे तळं विषारी आहे. बाकीचं आम्ही बघू. वर्तमानपत्रं, मोर्चा, कोर्ट.

समाजमंदिरात सभा भरली. खुर्चीवर रमाकांतशेठ होता, तळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष आणि माझा चुलत भाऊ. तळ्याच्या काठी टॉवर उभे राहणार होते, त्यातली निम्मी जमीन त्याची. त्याला तुझ्याकडून दुसरंच वाक्य हवं होतं, तळं एकदम स्वच्छ आहे. म्हणजे सभेतल्या दोन्ही बाजू तुझ्या तोंडाकडे बघत होत्या.

तू भिंतीवर आलेख दाखवलेस. मागून कुणीतरी म्हणालं, "मासे न खाणारी बाई आम्हाला मासे शिकवणार." लोक हसले. तू शांतपणे म्हणालीस, "मी खात नाही, म्हणून माझा लाडका मासा कुठलाच नाही. मला सगळे सारखे."

तेव्हा चांगुणाकाकी उठली. तळ्यातले लहान मासे आणि कोळंबी टोपलीत घेऊन दारोदार विकणारी, माझ्या आईच्या वयाची. म्हणाली, "बाई, त्या रेघांचा मला काय कलत नाय. माजी सून पोटुशी हाय. तिला मी मरलीचा कालवन देतंय. देऊ का नको, येवडा सांग."

"नको," तू म्हणालीस. "हातभर किंवा त्याहून मोठी मरळ अजिबात नको. पोटात बाळ आहे तोवर नको आणि बाळ अंगावर पितंय तोवर नको. लहान पोरांनाही नको."

"आन मंग मी इकू काय? तलाच बंद?"

"तळं बंद नाही. तुमच्या टोपलीतली खवली, कोळंबी, लहान चिलापी, सगळं तपासलंय. ते चांगलं आहे. ते विका. सुनेलाही तेच द्या."

काकी खाली बसली. तिचं काम झालं होतं. पण निखिल उसळला, "मॅडम, तुम्ही आपली केस पातळ करताय." आणि त्याच क्षणी रमाकांतशेठ म्हणाला, "तुम्ही उगाच गावात भीती पसरवताय." तू एकदा याच्याकडे पाहिलंस, एकदा त्याच्याकडे, आणि कागद आवरायला लागलीस.

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर चिडलो. तुला आठवत असेल. मी म्हणालो, "एक वाक्य. एका वाक्यात सगळं हललं असतं." तू म्हणालीस, "आणि पुढच्या वर्षी त्यांनी लहान मासे तपासून आणले, ते चांगले निघाले, तर मोठ्या मरळीचंही माझं कोण ऐकेल?" मी म्हणालो, "तोवर नाल्यातून येणारं येतच राहील." तू म्हणालीस, "नाल्याचं पाणी तपासायला मी कधीच नाही म्हटलं नाही. पण मला मासा विचारलास, तर मी माशाचंच सांगणार."

हे भांडण आपण पुढे किती वेळा केलं. दुकानात, काठावर, फोनवर. ते मिटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी ते मिटवणार नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की तुझ्या सावकाशीचा फायदा त्यांना झाला. पारा कुठून आला, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. कारखान्यातून की इमारतींसाठी टाकलेल्या भरावाच्या मातीतून, याच्या बैठका चालल्यात. तू तेव्हा मोठ्या आवाजात बोलली असतीस तर त्या बैठका लवकर लागल्या असत्या, असं मला वाटतं. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, "वाटतं?" बस, एवढंच. आणि मला राग आला असता. तो राग मला आता हवा आहे, शुभांगी. तुझ्याइतकं चांगलं भांडणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. काकीच्या सुनेला मुलगा झाला. धट्टाकट्टा आहे. तो तुझ्यामुळे तसा आहे, असं मी म्हणणार नाही. तू मला म्हणू दिलं नसतंस. कदाचित मरळ खाऊनही तो तसाच झाला असता. पण त्या दिवशी सभेत एवढे आम्ही पुरुष बसलो होतो, आणि काकीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी तू एकटी होतीस. निखिलचं ऐकलं असतं तर काकीची टोपली बंद झाली असती. शेठचं ऐकलं असतं तर सून रोज मरळ खात राहिली असती.

नंतर तू काठावर बोर्ड लावलास. वाचता न येणाऱ्यालाही कळावा असा. एक मोठी मरळ आणि तिच्यावर फुली, शेजारी पोट आलेली बाई, खाली टोपलीभर लहान मासे. बोर्ड नाहीसा झाला. तू दुसरा लावलास. त्याच्यावर कुणीतरी फ्लॅटची जाहिरात चिकटवली. तू नखाने ती खरवडत बसली होतीस, आणि कमिटीचा माणूस बाजूला उभा राहून म्हणत होता, "मॅडम, तुमच्या वयाला हे शोभतं का?" तू म्हणालीस, "पाणी आणून द्या जरा, कागद भिजवायला." आणि त्याने आणून दिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अशी तू मृदू.

आता परवाचं सांगतो. ते सांगायलाच हे लिहायला बसलो.

तुझं दिवसकार्य झालं आणि रमाकांतशेठ दुकानात आला. चहा घेतला, तुझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलला, खरे वाटावेत असे. मग म्हणाला, "जगा, कमिटीने ठरवलंय. बाईंच्या नावाने स्पर्धा घ्यायची. स्मृतिचषक. जो सगळ्यात मोठी मरळ काढेल त्याला. दुपारी तिचंच कालवण, सगळ्यांना जेवण. टॉवरवाले मंडप देतायत."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की हा तुझा मान आहे. किंवा त्याने स्वतःला तसं पटवलं होतं. "बाहेरचे लोक येतील," तो म्हणाला. "त्यांना कळू दे, आपलं तळं चांगलं आहे. आणि तुझ्या दुकानाचंही भलं होईल."

मी म्हणालो, "घ्या स्पर्धा. मी पट्टी आणि बर्फाची पेटी घेऊन येतो." तो हो म्हणाला. त्याला वाटलं, मी कौतुकाने बोलतोय.

रविवारी सकाळी काठावर तुझ्या फोटोचा बॅनर होता, मंडपाएवढा. खाली टॉवरचं चित्र. खारघर, कामोठे, पार ठाण्याहून गरवणारे आले होते. दुपारचं जेवण चांगुणाकाकीकडे दिलं होतं. तिच्या चुली पेटल्या होत्या, सून नातवाला पदराखाली घेऊन मंडपात बसली होती. निखिलही आला होता. शोकसभेनंतर आम्ही बोललो नव्हतो.

कामोठ्याच्या एका मुलाला प्लास्टिकच्या बेडकावर मरळ लागली. कोपरापासून बोटांपर्यंत मोजून वर उरेल एवढी. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. शेठने चषक दिला. मी मासा पट्टीवर ठेवला, लांबी घेतली, वजन घेतलं, सुरी बाटलीतल्या पाण्याने धुतली, आणि पाठीवर नक्की कुठे कापायचं ते तुला विचारायला मान वळवली.

तिथे निखिल उभा होता. त्याने नमुन्यासाठी पिशवी उघडून धरली.

शेठ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "जगा, आज हे नको. आज तिचा दिवस आहे."

"मग तिचं काम होऊ दे."

"बरं, घे तुझा तुकडा आणि उरलेली काकीकडे दे. लोक थांबलेत. एका तुकड्याने कोण मरतं?"

कुणी मरत नाही. हे तूच शिकवलं होतंस, आणि तिथे उभा राहून मी त्याला खोटं सांगणार नव्हतो. म्हणालो, "एका तुकड्याने कुणी मरत नाही, शेठ. पण तिच्या फोटोखाली आज ही शिजली, की उद्यापासून प्रत्येक घरात शिजेल. लोक म्हणतील, त्या बाईंच्याच कार्यक्रमात खाल्ली होती."

त्याने मरळ उचलली आणि स्वतः काकीच्या चुलीपाशी नेली. मी त्याच्या मागोमाग गेलो. लोक बघत होते. काकीने मरळीकडे पाहिलं, मंडपातल्या सुनेकडे पाहिलं आणि हात पुसले.

"ही मी शिजवनार नाय," ती म्हणाली. "तुमाला पायजे तर तुमी शिजवा, शेठ. त्याल तिकडं हाय, मसाला तिकडं हाय."

"काकी, लोक उपाशी आहेत."

"लोकांना चिलापी हाय, खवली हाय, भाकऱ्या हायत. कोन उपाशी जात नाय माज्याकडना."

शेठ थोडा वेळ मरळ हातात धरून उभा राहिला. वयाने मोठा माणूस, माझा भाऊ, मला त्याची दयाही आली. मग त्याने ती पाटावर ठेवली आणि गाडीत बसून निघून गेला. जेवायला थांबला नाही. आमच्या घरांत आता बोलणं बंद आहे, दिवाळीला बघू.

बाकी सगळे जेवले. कामोठ्याच्या मुलाने विचारलं, खायची का नाही म्हणून. त्याला मी शेंगदाण्यांनी समजावलं. त्याची बायकोही पोटुशी निघाली.

मरळ अख्खीच बर्फात ठेवली. पेटी गाडीत चढवताना निखिल म्हणाला, "काका, निकाल जास्त आला तर आधी मला कळवा."

मी म्हणालो, "आणि कमी आला तर?"

त्याने पेटीचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, "तरी कळवा."

पोरगा शिकतोय. तुझ्याशी दोन वर्षं आणखी भांडला असता तर तयार झाला असता. ते आता मला करावं लागणार, आणि मला तुझ्यासारखं जमत नाही. मला मध्येच राग येतो. पण मी करणार.

कमी आला, तर समाजमंदिरात उभा राहून मीच सांगेन की कमी आला. शेठला आनंद होईल, होऊ दे. जास्त आला, तर तेही तिथेच सांगेन, आणि बोर्ड पुन्हा लावीन. त्यावर जाहिरात चिकटली तर खरवडीन. मला नखं आहेत.

काल पेटी घेऊन तुझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेलो. काउंटरवरची मुलगी तुला ओळखत होती. तुझं नाव काढल्यावर तिचे डोळे भरले. आजवरचे सगळे नमुने तुझ्या नावाने नोंदलेले आहेत, म्हणाली. "तेच नाव चालू ठेवू का, काका? मॅडमची आठवण म्हणून."

क्षणभर मलाही मोह झाला. पण गेलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या अहवालाचं लोक काय करतात, ते मी रविवारी पाहिलं होतं. त्याला हार घालतात. त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही, त्याच्या दारावर कुणी भांडायला येत नाही.

"नको," मी म्हणालो. "माझं नाव घाला. आणि खाली मोबाईल नंबर लिहा, ठळक."